नाण्याची दर्शनी बाजू कोणती, मागील कोणती? (शिवराईपासून चालू नाण्यांपर्यंत)

टिळकवाडी_३

नमस्कार मंडळी. वाचनालयाला भेट आलेल्या नाण्यांची यादी करायचं काम चालू आहे. वहीत ‘दर्शनी बाजू’ आणि ‘मागील बाजू’ असे दोन रकाने आहेत. व्हिक्टोरियाच्या रुपयाला अडचण नाही. पण शिवराई, फारसी अक्षरांचे रुपये, कंपनी सरकारचा पाव आणा आणि बसवेश्वरांचं पाच रुपयांचं नाणं इथे यादी करणाऱ्या चौघांची चार मतं. एकजण म्हणतो चेहरा असेल ती पुढची, दुसरा म्हणतो साल असेल ती, तिसरा म्हणतो किंमत नसेल ती. चौथ्याच्या मते दोन्ही बाजू सारख्याच, काहीही लिहा. सगळ्या नाण्यांना लागू पडेल असा नियम आहे का?

ऐरण

चौथ्याचं आधी खोडतो. ‘काहीही लिहा’ म्हटलं की यादी निरुपयोगी होते. व्हिक्टोरियाच्या रुपयाचे प्रकार ‘ए/एक’, ‘ए/दोन’ असे नोंदवतात. त्यातलं अक्षर राणीच्या मुखवट्याचा प्रकार सांगतं आणि आकडा मागच्या वेलबुट्टीचा. बाजू उलटी धरली तर भलताच प्रकार कागदावर येतो, आणि पुढे कुणी त्या यादीवरून ताडायला बसला की त्याचाही घोळ.

आता नियम. चेहरा ही खूण नव्हे, साल नव्हे आणि किंमतही नव्हे. बघायचं ते एवढंच की नाणं कुणाच्या सत्तेनं काढलंय हे कुठल्या बाजूवर सांगितलंय. ती दर्शनी. राजाचा मुखवटा पुढे येतो तो राजा म्हणून, चेहरा म्हणून नव्हे.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर ही सत्तेची खूण म्हणजे अशोकस्तंभाची सिंहमुद्रा. १९५० च्या पहिल्या नाण्यांपासून आजपर्यंत सिंह असलेली बाजू दर्शनी. सरकारी राजपत्रात नवीन नाण्याचं वर्णन छापून येतं, त्यातही दर्शनी बाजू म्हणून सिंहमुद्रा, खाली ‘सत्यमेव जयते’, एका कडेला देवनागरीत ‘भारत’ आणि दुसऱ्या कडेला इंग्रजीत ‘इंडिया’ असंच दिलेलं असतं.

त्यामुळे बसवेश्वरांचं २००६ चं पाच रुपयांचं नाणं, लोकमान्य टिळकांचं २००७ चं पाच रुपयांचं, छत्रपती शिवाजी महाराजांचं १९९९ चं दोन रुपयांचं अकरा कोनी नाणं, संत ज्ञानेश्वरांचं १९९९ चं एक रुपयाचं, या सगळ्यांवर थोर पुरुषाची प्रतिमा मागील बाजूला आहे. मनाला पटत नाही, मान्य आहे. महाराजांची प्रतिमा ‘मागे’ लिहिताना हात अडखळतो. पण मागील बाजू म्हणजे कमी मानाची बाजू असा अर्थ नाही. स्मारक नाण्याचा विषय मागे येतो, एवढीच ती रीत आहे. आपल्याकडे १९६४ साली पंडित नेहरूंचं पहिलं स्मारक नाणं निघालं, तेव्हापासूनची.

निपाणीकर

अण्णा, एक शंका. साध्या रुपयावर किंमत मागे असते, म्हणून ‘आकडा म्हणजे मागची बाजू’ असं डोक्यात बसलंय. स्मारक नाण्यावर आकडा कुठं असतोय?

ऐरण

बहुतेक स्मारक नाण्यांवर सिंहाच्याच बाजूला. तिकडे विषयाचं चित्र आलं की किंमतीला जागा इकडेच उरते. म्हणून आकड्यावर विसंबू नका. सालाचंही तेच, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. नकाशावरही जाऊ नका. १९९२ पासूनच्या दोन रुपयांच्या नाण्यावर नकाशा, झेंडा आणि ‘राष्ट्रीय एकात्मता’ आहे, ती मागील बाजू. २००७ नंतरच्या हाताच्या मुद्रांची नाणी, म्हणजे अंगठा, दोन बोटं, मूठ, तिथेही हात मागे आणि सिंह पुढे.

मैदानावरचा वाद यातूनच होतो. ‘छापा’ म्हणजे सिंह आणि ‘काटा’ म्हणजे आकडा असं ठरवून स्मारक नाणं उडवलं की एकाच बाजूला दोन्ही निघतात. टॉसला कायम साधं नाणं घ्यावं, आणि ‘सिंह’ की ‘पलीकडचं’ असं बोलूनच उडवावं.

हलशीवाट

ऐरण यांचा सत्तेचा नियम चालू नाण्यांना आणि इंग्रजी अमलाला चोख बसतो. पण आपल्या मुलखात जुनं जे सापडतं त्याला तेवढ्यावर भागत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

आधी ‘दर्शनी’ हा भेद आला कुठून ते बघू. हातोड्यानं नाणी पाडत त्या काळी दोन साचे असत. एक ऐरणीत घट्ट बसवलेला, खालचा. दुसरा हातात धरायचा ठसा, वरचा. मधे तापवलेली चकती ठेवायची आणि वरच्या ठशावर घण मारायचा. घाव थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो लवकर चिरतो, फुटतो. खालच्याला ऐरणीचा आधार असतो, तो टिकतो. त्यामुळे कारागीर महत्त्वाचं, बारीक कोरीव काम खालच्या साच्यावर करत. ग्रीक नाण्यांत अथेन्सची देवी खालच्या साच्यावर आणि घुबड वरच्या ठशावर, ते यामुळेच. एका खालच्या साच्याबरोबर तीन-चार वरचे ठसे वापरून संपलेले दिसतात.

तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीत ऐरणीच्या साच्यानं उठलेली बाजू दर्शनी. झिजलेल्या नाण्यावरही कधी कधी ती ओळखता येते. घाव वरून बसल्यानं वरची बाजू किंचित खोलगट होते आणि खालची फुगीर. सपाट काचेवर नाणं ठेवून दोन्ही बाजूंनी हलकेच डोलवून बघा. ज्या बाजूवर ठेवल्यावर ते गोल फिरतं, डुलतं, ती फुगीर बाजू.

पण हा नियम आपल्या आहत नाण्यांना लावायचा नाही. चांदीची चौकोनी-लांबट चकती, तिच्यावर एकामागून एक मारलेले पाच ठसे, त्यांत सूर्य आणि सहा आऱ्यांचं चिन्ह ठरलेलं. हे ठसे वरून मारलेले आहेत, तरीही तीच दर्शनी बाजू. मागची बाजू कोरी तरी असते, नाहीतर तिच्यावर बारीकशी एखाद-दुसरी खूण असते. लिडियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य) अगदी पहिल्या नाण्यांवर याच्या बरोब्बर उलट आहे: सिंहाचं तोंड ऐरणीच्या साच्यावर म्हणून पुढे, आणि ठोकलेले खड्डे मागे. तिथे ठोकलेली बाजू मागची, आपल्याकडे ठोकलेली बाजू पुढची. कारण अर्थ कुठल्या बाजूला आहे हे बघायचं. लिडियात अर्थ सिंहात आहे, ठोकलेले खड्डे कोरे आहेत. आपल्याकडे अर्थ ठशांतच आहे.

देवगिरीच्या यादवांचं सोन्याचं पद्मटंकही असंच. वाटीसारखं खोलगट, मधे कमळाचा ठसा, भोवती ‘श्री’ आणि राजाचं नाव. ठसे खोलगट बाजूला, पाठ कोरी. दर्शनी बाजू खोलगट, मागील फुगीर. बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) वाटीनाण्यांत नेमकं उलट, तिथे फुगीर बाजू दर्शनी. त्यामुळे डोलवून बघायची युक्ती पद्मटंकावर लावली तर उत्तर हमखास चुकणार.

टिळकवाडी_३

अक्का, मग कदंब आणि विजयनगरच्या नाण्यांचं कसं? तिथे एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला राजाचं नाव. सत्तेच्या नियमानं नावाची बाजू पुढे यायला हवी ना?

हलशीवाट

नेमक्या जागी बोट ठेवलंत. गोव्याच्या कदंबांचं हलशी हे दुसरं ठाणं, खानापूर तालुक्यातलं. त्यांच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरीत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा लेख व राजाचं नाव. सिंह दर्शनी, लेख मागील. सिंह हे त्या घराण्याचं लांछन आहे. लांछन म्हणजे सत्तेची खूण. नाव एका राजाचं, लांछन घराण्याचं, आणि घराणं राजाच्या आधी येतं. तेव्हा नियम मोडत नाही.

विजयनगरचं थोडं वेगळं. ‘वराह’ या सोन्याच्या नाण्यावर उमा-महेश्वर, लक्ष्मी-नरसिंह, कृष्णदेवरायाच्या नाण्यावर बसलेला बाळकृष्ण. मागे तीन ओळींत ‘श्री प्रताप कृष्णराय’. इथे देव दर्शनी, राजा मागे. अभ्यासकांनी मानलेली रीत ही अशी आहे आणि यादीत तीच पाळावी, नाहीतर दुसऱ्या यादीशी ताळमेळ बसत नाही. राजा देवाच्या नावानं राज्य करतो हा त्यामागचा भाव लक्षात घेतला तर तीही सत्तेचीच बाजू ठरते, असं माझं मत.

सातवाहनांच्या चांदीच्या मुखवट्याच्या नाण्यांना अडचण नाही. राजाचं मस्तक आणि प्राकृत लेख पुढे, मागे उज्जैन चिन्ह आणि कमानींचा डोंगर. मात्र तांब्याच्या आणि पोटीनच्या (तांब्याच्या हलक्या मिश्रधातूच्या) नाण्यांवर मस्तक नसतं, तिथे हत्ती आणि राजाचा लेख पुढे, उज्जैन चिन्ह मागे. आपल्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती उत्खननात निघालेली आहे, त्यामुळे असलं नाणं कुणाच्या डब्यात दिसलं तर नवल नाही. उज्जैन चिन्ह ओळखायला सोपं: अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. झिजलेल्या नाण्यावर आधी तेच शोधायचं. ते सापडलं की मागील बाजू सापडली, आणि उरलेली दर्शनी.

नार्वेकर_गल्ली

शिवराईवर कुणीतरी नीट लिहा. यादीत सगळ्यात जास्त तीच येते आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

ऐरण

शिवराईवर चित्र नाही, दोन्ही बाजूंना नागरी अक्षरंच. म्हणून वाचनाचा क्रम धरायचा. एका बाजूला तीन ओळी: ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’. दुसऱ्या बाजूला दोन ओळी: ‘छत्र’, ‘पति’. सलग वाचलं तर ‘श्री राजा शिव छत्रपति’. लेख जिथे सुरू होतो ती दर्शनी, संपतो ती मागील. सोन्याच्या होनालाही तोच क्रम.

अडचण अशी की साचा मोठा आणि चकती लहान. पूर्ण लेख क्वचितच उठतो. कधी ‘राजा’चा ‘जा’ आणि खाली ‘शि’ची वेलांटी, एवढंच असतं. त्यात कारागिरागणिक शुद्धलेखन निराळं: ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ सगळं दिसतं. मग असं करायचं:

नाणं उजेडात सरळ धरू नका. दिवा बाजूला, टेबलाच्या जवळपास पातळीत ठेवा, म्हणजे उजेड नाण्यावरून घासत जाईल. आता नाणं सावकाश गोल फिरवत राहा. तिरप्या उजेडात झिजलेल्या अक्षरालाही सावली पडते. आधी ओळी मोजा, अक्षरं नंतर. ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्या दोन दिसल्या तर ती तीन ओळींची बाजू, म्हणजे दर्शनी. एकच पट्टी दिसली तर मागील. दोनच ओळी असल्यानं ‘छत्रपति’च्या बाजूची अक्षरं सहसा ऐसपैस असतात. ‘छ’चा गोल वेढा आणि ‘त्र’ची तिरपी काडी झिजूनही बऱ्याच वेळा टिकते. दुदांडी शिवराईत दोन आडव्या रेघा ठळक असतात, त्या रेघांना अक्षराची शिरोरेघ समजू नका, नाहीतर ओळींची मोजणीच चुकते.

तरीही कळलं नाही तर वहीत ‘बाजू अनिश्चित’ लिहा. अंदाजानं भरलेला रकाना कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट.

चिकोडी_रोड

आणि कृपा करून चिंच-लिंबू लावून घासू नका. तांब्याचं भांडं आणि तांब्याचं नाणं यांत फरक आहे. भांड्याला चकाकी पाहिजे असते. नाण्यावरचा काळसर-तपकिरी थर हाच त्याचं संरक्षण आहे, आणि झिजलेल्या अक्षरांची शेवटची कडही त्या थरातच राहिलेली असते. आम्लानं तो थर निघाला की नाणं गुलाबी-लाल दिसतं, आणि जे थोडंफार वाचता येत होतं तेही जातं. रांगोळी, राख, टूथपेस्ट, सगळं बाद. माती निघत नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमधे चार-पाच दिवस बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, आणि बाभळीच्या काट्यानं किंवा टूथपिकनं भिंगाखाली माती सैल करायची. धातूची सुई वापरू नका, ओरखडा कायमचा.

कडोली_पांद

फारसी रुपयांचं सांगा की ओ. आमच्याकडं डबाभर हायत, एक अक्षर वाचता येत न्हाई. तेच विचारूलालो.

हलशीवाट

फारसी न वाचताही बाजू ओळखता येते.

अकबराच्या सुरुवातीच्या काळात धार्मिक वचन, म्हणजे कलमा, दर्शनी आणि बादशहाचं नाव मागे. औरंगजेबानं नाण्यावरचा कलमा बंद केला. तिथून पुढे बादशहाचं नाव गुंफलेल्या ओळी आणि हिजरी साल दर्शनी बाजूला, आणि टांकसाळीचं नाव व राज्यारोहणापासूनचं वर्ष मागील बाजूला. मराठ्यांच्या अमलातले बहुतेक रुपये शाह आलमसारख्या मोगल बादशहांच्या नावानंच पाडलेले आहेत, त्यांनाही हाच नियम.

मागील बाजूवर ‘जुलूस’ हा शब्द असतो. त्यातल्या ‘स’ची एक लांबलचक, नावेसारखी आडवी रेघ बाजूच्या मधोमध पसरलेली दिसते. त्या रेघेजवळ एक किंवा दोन आकडी संख्या असते, ते राज्यवर्ष. दुसऱ्या बाजूला तीन किंवा चार आकडी संख्या दिसली तर ते हिजरी साल, म्हणजे दर्शनी. फारसी आकड्यांत एक म्हणजे उभी काडी, शून्य म्हणजे ठिपका, पाच म्हणजे उलट्या बदामासारखा गोल. एवढे तीन ओळखले तरी पुष्कळ. संख्या मात्र डावीकडून उजवीकडे वाचायची, आपल्यासारखीच.

‘ज़र्ब’ हा शब्दही मागेच, त्यापुढे टांकसाळीचं गाव. मोगलांनी बेळगावाला आझमनगर नाव दिलं होतं, नाण्यावर ते नाव मागील बाजूलाच शोधायचं. अंकुशी रुपयावरचा अंकुश हीही टांकसाळीकडची खूण आहे, चित्र दिसलं म्हणून ती बाजू पुढे आणू नका.

उलट उदाहरण टिपूच्या तांब्याच्या पैशाचं. हत्तीची बाजू दर्शनी, टांकसाळीचं नाव मागे. धारवाडला त्यानं खुर्शेद-सवाद असं नाव दिलं होतं. तिथे हत्ती ही राज्याची खूण आहे, टांकसाळीची नव्हे. चित्र कशाची खूण आहे हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो, त्याला आडवाट नाही.

कडोली_पांद

नावेसारखी रेघ दिसली की ओ! चार रुपयांवर लगेच सापडली. पाचव्यावर दोनी बाजूला तसलीच रेघ हाय, पण एका बाजूची खोल गेलेली आणि उलटी दिसतीया. हे काय?

ऐरण

उलटी म्हणजे आरशातल्यासारखी आणि खोल असेल तर ते चुकीचं नाणं आहे, जपून ठेवा. पाडलेलं नाणं साच्यातून सुटलं नाही, तिथेच चिकटून राहिलं, आणि कारागिरानं न बघता पुढची चकती मधे घातली, की नव्या चकतीवर साच्याऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा उलटा खोल ठसा उमटतो. संग्राहक याला ‘ब्रॉकेज’ म्हणतात. सहसा नाणं वरच्या ठशाला चिकटतं, म्हणून दर्शनी बाजूची जोडी जास्त सापडते. तुमच्याकडे मागच्या बाजूची जोडी आहे, कारण रेघ ‘जुलूस’ची आहे. याचा अर्थ नाणं खालच्या साच्यात अडकलं होतं.

नोंद करताना उठावदार बाजू तिच्या जागी लिहायची, इथे मागील. दुसऱ्या रकान्यात ‘मागील बाजूचाच खोल, उलटा ठसा’ असं.

एक खबरदारी घ्या. खरा ब्रॉकेज आणि कुणी दोन नाणी शिकंजात दाबून केलेली नक्कल यांत फरक असतो. नक्कल केलेल्या नाण्यावर खोल ठशाखाली आधीच्या उठावाचे चेपलेले अवशेष दिसतात आणि नाणं पसरट होतं. वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करा, व्यास दोन दिशांनी मोजा, शेजारच्या चार रुपयांशी ताडून बघा.

दोन्ही बाजूंना सारखाच सरळ उठाव असलेलं आधुनिक नाणं मात्र जवळजवळ नेहमी जादूगाराचं. दोन नाणी कापून जोडलेली असतात. कडेच्या कंगोऱ्याच्या आतल्या बाजूनं भिंगातून बघा, बारीक सांधा दिसतो. टेबलावर टाकलं की आवाजही बद्द येतो.

निपाणीकर

कंपनी सरकारचा पाव आणा राहिला. १८३५ चा. त्यावर राणीबिणी काही नाही.

ऐरण

कंपनीच्या तांब्यावर मुखवटा नाहीच. कंपनीची ढाल, दोन्ही बाजूंना सिंह आणि साल, ही दर्शनी. पानांच्या वेढ्यातली किंमत ही मागील. त्याच साली निघालेल्या रुपयावर मात्र चौथ्या विल्यमचा मुखवटा आहे, तो दर्शनी. म्हणजे एकाच वर्षात, एकाच सरकारचं, चांदीवर राजा पुढे आणि तांब्यावर ढाल पुढे.

व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच ठेवून रुपये पाडत राहिले, त्या काळातल्या निरनिराळ्या ठिपक्यांच्या खुणा मागील बाजूला सालाजवळ आहेत. त्यामुळे त्या रुपयांत खरी बारकाई मागच्या बाजूला आहे. भिंग तिकडे लावा.

भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७) हा या सगळ्यात गमतीचा. मुकुट, साल आणि किंमत एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला फक्त पानांचा वेढा. मुकुटाची दर्शनी. किंमत मागेच असते म्हणणाऱ्यांना हा पैसा दाखवावा.

कारवार_किनारा

गोव्याकडून आलेली पोर्तुगीज नाणीही आपल्याकडच्या डब्यांत असतात. १८८१ च्या रुपियावर राजा लुईसचा मुखवटा दर्शनी, मुकुट आणि ढाल मागे. कंपनीच्या पाव आण्यावर ढाल पुढे आणि इथे मागे, हे बघून गोंधळू नका. राजाचा मुखवटा आला की ढाल मागे सरकते. मुखवटा नसेल तर ढाल पुढे येते. युरो नाण्यांत प्रत्येक देशाची स्वतःची बाजू दर्शनी आणि सगळ्यांना सामायिक असलेली किंमतीची बाजू मागील मानतात. जपानात कायद्यानं बाजू ठरवलेलीच नाही, पण टांकसाळीच्या रिवाजानुसार साल असलेली बाजू मागची.

टिळकवाडी_३

मंडळी, यानं वहीतले निम्मे रकाने भरले. आता छायाचित्रं काढून चिकटवायची आहेत. कुठली बाजू कुठे, आणि नाणं किती फिरवून धरायचं?

चिकोडी_रोड

दर्शनी डावीकडे, मागील उजवीकडे. ही जगभरची रीत आहे. उजेड घड्याळातल्या दहा-अकराच्या दिशेनं, दोन्ही बाजूंना तोच. एका फोटोत उजेड डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून आला तर उठाव खोल दिसायला लागतो आणि ब्रॉकेज नसताना ब्रॉकेज वाटतो. नाणं कडेनंच धरा, तळहातावर नको.

फोटोत दोन्ही बाजू सरळ लावल्या तरी मूळ नाण्यावर त्या एकमेकींशी कशा आहेत हे वेगळं लिहावं लागतं. त्याला अक्ष म्हणतात. नाण्याची दर्शनी बाजू आपल्याकडे सरळ करा. अंगठा खाली सहाच्या जागी, बोट वर बाराच्या जागी, असं चिमटीत धरा. आता दाराचं पान फिरतं तसं नाणं फिरवा. मागची बाजू सरळच दिसली तर अक्ष १२. डोकं खाली झालेली दिसली तर अक्ष ६. मधे कुठे कललेली असेल तर तिचं डोकं घड्याळाच्या ज्या आकड्याकडे तो आकडा लिहा.

आपली सध्याची नाणी अक्ष १२ ची. अमेरिकेची अक्ष ६ ची. आपल्या आताच्या नाण्यावर अक्ष ३ किंवा ५ आला तर साचा फिरलेला आहे, तो दोष म्हणून नोंदवा. शिवराईवर किंवा फारसी रुपयावर मात्र अक्ष कुठलाही येऊ शकतो, ठसा हातात धरलेला होता. तिथे दोष म्हणू नका, आकडा फक्त लिहून ठेवा.

आणि नाणी मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून दोन-चार वर्षांत हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. कडक, कुरकुरीत आवाज करणाऱ्या पारदर्शक पाकिटांत ठेवा, नाहीतर साध्या आम्लविरहित कागदाच्या पुड्या बऱ्या.

नार्वेकर_गल्ली

एका नाण्यावर दुसऱ्याचा ठसा मारलेला असेल तर? सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप राजा नहपानाची नाणी पुन्हा ठोकून घेतली होती तसं.

हलशीवाट

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या ढिगात तेरा हजारांवर नाणी होती, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा आहे. अशा नाण्याची बाजू नंतरच्या ठशावरून ठरते. नहपानाचं डोकं खालून डोकावत असलं तरी ते ‘मूळ नाणं’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचं. पुनर्मुद्रण करणाऱ्यानं चकती कुठल्या बाजूनं ठेवली हे बघितलेलं नसतं. त्यामुळे सातकर्णीचं दर्शनी चिन्ह कधी नहपानाच्या डोक्यावर येतं, कधी त्याच्या पाठीवर. कुठल्यावर आलंय तेही लिहा, ती माहिती मोलाची असते.

आणि शेतात नांगराला लागलेलं नाणं असेल तर यादीच्या आधी तहसीलदार कचेरीत कळवा. गुप्तधनाचा कायदा आहे. जागा, खोली आणि सोबत मडकं होतं का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. नाणं जागेवरून हललं की त्याची निम्मी माहिती जाते.

टिळकवाडी_३

एक नोंद भरून बघितली, तपासा.

‘शिवराई. तांबं. वजन ११.४२ ग्रॅम. व्यास २१ × २२ मि.मी. दर्शनी: तीन ओळी, ...श्री / राजा / (शि)व, शेवटची ओळ अर्धी कापलेली. भोवती ठिपक्यांची किनार, फक्त डावीकडे. मागील: छत्र / पति. अक्ष १२.’

हलशीवाट

छान भरलंय. दोन दुरुस्त्या. ‘श्री’च्या आधी टिंबं दिलीत, पण ‘श्री’ पूर्ण दिसत असेल तर ती नकोत. टिंबं म्हणजे तिथे अक्षर होतं आणि ते गेलं, असा अर्थ होतो. आणि अक्ष पुन्हा बघा. शिवराईवर नेमका १२ येणं अशक्य नाही, पण बहुतेक वेळा फोटो सरळ लावल्यावर त्यावरूनच अक्ष लिहिला जातो. नाणं हातात घेऊन चिमटीत फिरवा.

टिळकवाडी_३

फिरवलं. ‘छत्र’चं डोकं सातच्या आकड्याकडे आहे. फोटोवरूनच लिहिलं होतं. अक्ष ७ केलं, आणि आधीच्या एकोणीस नोंदींचे अक्षही आज संध्याकाळी पुन्हा घेतो.